पाय ठेवायची पाळी

सहा दहा

माझा उजवा पाय गाडीच्या पायरीवर होता आणि डावा जमिनीवर. मागच्या दाराचा दांडा मी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. एप्रिल महिना, नुकतं फटफटलेलं. खाणीतलं दगड फोडायचं मशीन सातला सुरू व्हायचं, तोवर हवा स्वच्छ असायची आणि लांबचं दिसायचं.

"तीन मिनिटं," भिसे कंडक्टर आतून म्हणाले. "चौथं मागायचं नाही."

"मी कधी मागितलंय, भिसेभाऊ?"

"तू नाही मागत. तुझा पाय मागतो."

पुढून ड्रायव्हरनं उगाच दोनदा रेस दिली. गाडी थरथरली, तसा माझा पायही गुडघ्यापर्यंत थरथरला. मी तो हलवला नाही.

हे काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं.

आम्ही गट नंबर एकशे अठरामध्ये राहायचो. नाल्याकाठची आमची वस्ती महापालिकेनं उचलली आणि शहराबाहेर तेरा किलोमीटरवर, खाणीच्या पलीकडं नेऊन ठेवली. घरं पक्की होती, खोटं कशाला बोला. दाराला कडी होती. कामं मात्र शहरातच राहिली. शहराची गाडी खाणीच्या फाट्यापर्यंत यायची आणि तिथून वळायची. सहा दहाची चुकली तर पुढची पावणेअकराला. पावणेअकराला कुणाच्या घरी पोळ्या लाटायच्या राहिलेल्या असतात?

नळाला पाणी साडेपाचला यायचं. फाटा पंचवीस मिनिटं चालत. पाणी भरून निघालं तर गाडी गेलेली, आणि गाडी धरायला निघालं तर दिवसभर घरात थेंब नाही. म्हणून पाळी लावलेली होती. रोज एकीनं पाणी सोडून आधी निघायचं, तिचे हंडे बाकीच्यांनी भरायचे. तिनं फाट्यावर जाऊन गाडीच्या पायरीवर एक पाय ठेवायचा आणि शेवटची बाई येईपर्यंत काढायचा नाही. बाई अर्धी आत, अर्धी बाहेर असली की कुठलाच कंडक्टर घंटी मारत नाही.

"आज पाय कुणाचा?" हे आमचं नळावरचं पहिलं वाक्य असायचं.

त्या दिवशी माझा होता.


सहा अकरा

आल्या. चढावरून रांगेनं उतरताना दिसल्या, मग पळायला लागल्या. पुढं पदमाक्का. तिच्याकडं नऊ घरची कामं, पायात पुरुषी बूट, आवाज असा की खाणीतल्या माणसांनी मागं वळून बघावं.

"पाय बघा बाईचा," चढता चढता ती म्हणाली. "पैंजण घालून आलीय पाय ठेवायला. ड्रायव्हर गाडी कशाला हलवतोय!"

"तुमच्या बुटाला घाबरून थांबायचा तो. माझ्या पैंजणाला लाजून थांबतो."

हसल्या सगळ्या. एकेक माझ्या खांद्याला घासून वर चढली. धापा, ओल्या पदरांचा वास, कुणाच्या तरी डब्यातल्या लसणाचा वास. मी मोजत होते. अकरा चढल्या. मी बारावी.

"झाल्या?" भिसेंनी विचारलं.

मी चढाकडं बघत राहिले.

"तुला विचारतोय. झाल्या का?"

इथं मला थांबायला हवं. तेराव्या बाईबद्दल मी काहीच सांगितलेलं नाही.


गाडी थांबवून

तेरावी केवळबाई. मी तिला केवळमावशी म्हणायची. जालन्याकडची. नवरा नाही, मूल नाही, पन्नाशीला आलेली. शहरात कचरा वेचायची. सकाळी काखेत रिकामं पोतं, संध्याकाळी डोक्यावर भरलेलं.

पायरीवर पाय ठेवायची अक्कल तिचीच. गाडी नवीन सुरू झाली तेव्हा ठोक्याला सुटायची, आणि आम्ही रोज धूळ खात मागं पळायचो. आठवडाभर असं झालं. मग एके दिवशी मावशीनं पाणी सोडलं, आधी गेली, पायरीवर एक पाय ठेवला आणि उभी राहिली. भिसेंनी घंटीची दोरी हातात धरली.

"मार घंटी," ती म्हणाली. "एक पाय तुझ्या गाडीत जाईल, एक इथं राहील. मग दोन जागी केस कर."

आम्ही सगळ्या पोचलो त्या दिवशी. परत येताना पदमाक्कानं तिला भजी खाऊ घातली होती.

हे पहिल्या वर्षी.

दुसऱ्या वर्षी फाट्याच्या पुढच्या थांब्यावर रो-हाऊसेस झाली. तिथली माणसं गाडीत चढायला लागली. शर्ट खोचलेली माणसं, कॉलेजच्या मुली. त्यातल्या एका गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला, तो उतरेपर्यंत काढला नाही. रिकाम्या पोत्यालाही वास असतो. मग कुणीतरी लेखी तक्रार दिली. भिसेंनी आम्हाला फाट्यावर उभं करून सांगितलं.

"वरून विचारणा आलीय. पोतं गाडीत नको, आणि गाडी अडवून ठेवायची नाही, असं दोन्ही आलंय. आता तुमच्यासाठी तीन मिनिटं मी सांभाळीन. तुमच्यातल्या बायांसाठी. पण त्या पोतंवालीसाठी सांभाळलं तर तेही जाईल."

"ती आमच्यातलीच आहे," मी म्हटलं होतं. हे मी म्हटलं होतं, ते लिहून ठेवते. एकदा तरी म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी नळापाशी पदमाक्का बोलली. हळू बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

"मला तिचं वाईट वाटत न्हाई असं न्हाई. पण आपण लोकांच्या सैपाकघरात जातो. परवा माझ्या बाईनं मला दारात उभं करून हुंगलं. हुंगलं म्हंजे हुंगलं, कुत्र्यागत. म्हनली, पदमा, कशाचा वास येतोय? मी काय सांगू? शेजारी बसली होती म्हणून सांगू?"

पदमाक्कानं नळाच्या कट्ट्यावर पाय ठेवून बुटाची नाडी आवळली.

"स्वतःच्या पायानं वेळेवर आली तर येऊ दे. गाडी काय आपल्या बापाची न्हाई. पण तिच्यासाठी पाय ठेवायचा न्हाई. जी ठेवील, तिच्यासाठी दुसऱ्या दिवशी कुणी ठेवणार न्हाई."

हे बोलताना तिनं माझ्याकडं बघितलं. सगळ्यांत शेवटी फाट्यावर पोचणारी मीच असायची. माझी पल्लवी दोन वर्षांची होती. तिला शेजारच्या म्हातारीकडं सोडल्याशिवाय मला निघता यायचं नाही, आणि म्हातारी पावणेसहाशिवाय दार उघडायची नाही. फक्त माझी पाळी असली की पल्लवी आदल्या रात्रीच तिच्याकडं निजायची. दुसऱ्यांच्या पायावर मी कामाला जात होते.

आणि मावशी स्वतःच्या पायानं वेळेवर कशी येणार? नळावर तिचा हंडा शेवटी लागायचा. असा काही नियम नव्हता. तिचा हंडा पुढं आला की बाया नुसत्या थोड्या मागं सरकायच्या आणि थांबायच्या, मग तीच हंडा उचलून मागं जायची. हंडे भरून ती निघायची तेव्हा सहा वाजून गेलेले असायचे. दोन महिने ती पावणेअकराच्या गाडीनं जात होती; त्या रिकाम्या गाडीत पोत्याला कुणी हटकायचं नाही. तोवर शहरातला चांगला कचरा दुसऱ्यांनी नेलेला असायचा.


आदल्या संध्याकाळी

ती माझ्या दारात आली. उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली. आत ये म्हटलं तरी यायची नाही.

"शालन, उद्या पाय तुझा ना?"

"हो."

"मला उद्या सहा दहाची पायजे. वॉर्ड ऑफिसात आठ वाजता कार्डं द्यायलेत. संघटनेच्या ताईंनी सांगितलं. पयल्या शंभर बायांना. फोटू तिथंच काढत्यात."

"कसलं कार्ड?"

"महापालिकेचं. गळ्यात घालायचं. मग सोसायटीत घरोघर जाऊन कचरा घ्यायचा, पगारावानी. पोतं डोक्यावर न्हाई, हातगाडी देत्यात." ती हसली. तिचे वरचे दोन दात नव्हते. "गळ्यात कार्ड असलं की कुत्रंबी इचार करून भुंकतंय म्हणं."

"मावशी, पण पाय..."

"मला ठाव हाय काय ठरलंय ते. मी पोतंच आणणार न्हाई. पोतं न्हाई तर वास न्हाई. आन मी वेळेवर येते. येतेच. तरी जर का मिनिटभर मागंपुढं झालं..."

मी म्हटलं, "ठेवते पाय. तुम्ही या."

एवढं ऐकूनही ती लगेच गेली नाही. त्याचं नंतर सांगते.


सहा बारा

चढावर एक बाई दिसली.

चढावर माणूस दिसलं की तिथून फाटा चालत चार मिनिटं, पळत दोन. ती पळत होती. नीट पळता येत नव्हतं तिला. नवी किंवा कडक साडी नेसलेली बाई पळते तसं, निऱ्या एका हातात धरून. कैरीच्या रंगाची साडी. हातात काही नाही, डोक्यावर काही नाही.

"ती तुमच्यातली आहे का?" भिसेंनी विचारलं.

पदमाक्कानं खिडकीतून मान बाहेर काढली, डोळे बारीक केले. "न्हाई वाटत. हितं कोण असली साडी नेसतंय? रो-हाऊसवाली असंल, फिरायला आलेली."

"फिरायला आलेली पळतेय कशाला?"

"आता लोक पळतच फिरत्यात, भिसेभाऊ."

हसल्या. भिसेंनी माझ्याकडं बघितलं. पाय माझा होता, म्हणून शेवटचा शब्द माझा होता. असंच ठरलेलं होतं.

"शालन? तुमच्यातली आहे का?"

मी म्हटलं, "आमच्यातली नाही."

आणि पाय वर घेतला.

डबल बेल. गाडी वळली.


सहा बारा, असं मी तेव्हा सांगितलं

त्याच दिवशी दुपारी कळलं की ती केवळबाई होती. गटातल्या एका पोरीनं तिला परत येताना पाहिलं होतं.

पदमाक्काचं तोंड उतरलं. तसं वाईट नव्हतं तिच्या मनात. "आईशपथ, मी ओळखलंच न्हाई. तू ओळखलीस का गं?"

"छे. एवढ्या लांबून?"

"ती साडी कुठली नेसली होती बया? तिच्याकडं कुठनं आली?"

"असेल कुणी दिलेली."

"मी म्हणते, पोतं असतं तर लांबनंबी ओळखली असती."

"तेच ना," मी म्हटलं.


सहा बारा, असं मी पल्लवीला सांगितलं

बऱ्याच वर्षांनी. पल्लवीनं नोकरीला लागल्यावर स्कूटर घेतली. मला मागं बसवून ती फाट्यावरून नेत होती. आता तिथं उड्डाणपूल आहे, फाटा असा राहिला नाही. पुलावरून खाली बघत मी तिला पाय ठेवायच्या पाळीची गोष्ट सांगितली. तिला फार आवडली. मैत्रिणींना सांगेन म्हणाली.

"आणि कधी कुणी राहिलं नाही का मागं?"

"राहिली एकदा एक. पदमाक्कानं पाय काढायला लावला मला."

"काय बाई होती ती पदमाक्का," पल्लवी म्हणाली.

पदमाक्का तोवर वारली होती.


सहा बारा

आता जसं झालं तसं.

आदल्या संध्याकाळी मी पाय ठेवते म्हटल्यावरही मावशी उंबऱ्यापाशी रेंगाळली. मग म्हणाली, "अजून एक मागू का? न्हाई म्हणलीस तरी चालंल."

"मागा."

"फोटूला एखादं लुगडं. माझी सगळी... तुला ठाव हाय."

त्या बाईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं. आणि मी तिचं देणं लागत होते, पैशाचं नाही. आदल्या पावसाळ्यात पल्लवीला तापात झटके आले होते. मी तिला पोटाशी धरून चिखलातून फाट्याकडं पळत होते, आणि लांबून मला पायरीवर मावशी दिसत होती. त्या दिवशी तिची पाळीही नव्हती. ड्रायव्हर शिव्या देत होता, गाडी वीतभर वीतभर पुढं नेत होता, आणि ती एका पायावर लंगडी घालत गाडीबरोबर सरकत होती. चपलेचा अंगठा तुटला तरी तिनं पाय काढला नाही. नऊ मिनिटं. भिसेंनी नंतर मला सांगितलं, नऊ.

मी ट्रंक उघडली. कैरीच्या रंगाची एक साडी होती, हिरव्या काठाची. ज्यांच्याकडं मी पोळ्या करायची, त्यांनी लेकीच्या लग्नात दिलेली. एकदाच नेसले होते, तीही त्यांच्याच मांडवात. गटात कुणी ती पाहिलेली नव्हती.

मावशीनं हात पदराला पुसले, मग घेतली. नुसती दोन हातांवर धरून उभी राहिली, लहान मूल पहिल्यांदा हातात देतात तशी.

आणि मी म्हटलं, "मावशी, पण अंघोळ करून नेसा हं."

तिनं माझ्याकडं बघितलं.

"म्हणजे आपलं... नवी आहे ना."

"करते की," ती म्हणाली. "डोक्यावरून करते."

सकाळी नळ उशिरा आला. साडेपाचला यायचं पाणी पाच पस्तीसला आलं. मी आधीच फाट्याकडं निघालेली, मला ठाऊक नव्हतं. बायांनी दोन-दोन हंडे भरले, माझेही भरले, आणि पळत सुटल्या. मावशीचा हंडा शेवटी लागला. पाणी सोडून ती तशीच निघाली असती तर सगळ्यांच्या आधी फाट्यावर पोचली असती. पोतं नव्हतं, वेचायचं नव्हतं, नुसतं पळायचं होतं. पण ती हंडा लागायची वाट बघत थांबली. मला शब्द दिला होता म्हणून. डोक्यावरून अंघोळ केली, मग माझी साडी नेसली, मग निघाली.

म्हणून चढावर ती दिसली तेव्हा मला ओळखायला क्षणही लागला नाही. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, हे खरं आहे. चेहऱ्याची गरज नव्हती. ती माझी साडी होती.

"शालन? तुमच्यातली आहे का?"

माझ्या खांद्याशेजारच्या खिडकीत पदमाक्का होती. आत अकरा जणी होत्या. हो म्हटलं असतं तर एवढंच झालं असतं की ती दोन मिनिटांत पोचली असती. पोतं नव्हतं, वास नव्हता. भिसेंनी कुरकुर केली असती. पदमाक्का कदाचित काही म्हणालीही नसती. पण तिनं साडी जवळून पाहिली असती, आणि विचारलं असतं, कुणाची गं ही? मावशी खोटं बोलायची नाही. आणि मग मी, जी लोकांच्या पोळ्या लाटते, ती माझी लुगडी कचरावालीला नेसायला देते, असं नळावर गेलं असतं. नळावरून गाडीत. गाडीतून एखाद्या सैपाकघरात. आणि दुसऱ्या दिवशी पल्लवीला म्हातारीकडं सोडून मी चढावर आले असते, तेव्हा पायरीवर कुणाचाच पाय नसता.

हे सगळं मी तेव्हा विचारात घेतलं का? एवढा वेळ नव्हता. पाय आधी निघाला. शब्द नंतर आले.

तिनं एक हात वर केला होता. निऱ्यांचा नाही, दुसरा.


संध्याकाळी

साडी परत द्यायला आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. साडी धुतलेली, वाळवलेली, घडी घातलेली, वर वर्तमानपत्राचा कागद.

"चालत गेले," ती म्हणाली. "रस्त्यात एका ट्रॅक्टरवाल्यानं थोडं नेलं. पोचले तवा साडेनऊ झालते. शंभर झाल्या होत्या."

"मग? पुढच्या वेळी?"

"पुढची येळ सांगितली न्हाई."

मी साडी घेतली. "मावशी, मला दिसलंच नाही हो. ऊन तोंडावर होतं."

सहा वाजता ऊन नव्हतं. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"असंल," ती म्हणाली. "मला तू दिसत होतीस. पायात पैंजण होतं तुझ्या, चकाकत होतं."

मग जाता जाता वळली. "काठाला धूळ लागली होती ट्रॅक्टरवर. धुताना घासली न्हाई, रंग जाईल म्हणून. बघ एकदा उजेडात."


दुसऱ्या दिवशी, सहा दहा

पाळी दुसऱ्या कुणाची तरी होती. पण पल्लवी रडत होती, म्हातारीनं दार उशिरा उघडलं, आणि मी चढावर पोचले तेव्हा सगळ्या खाली गाडीपाशी पोचलेल्या. लांबून पायरीवर पाय दिसला. माणूस ओळखू आलं नाही. नुसता पाय, आणि दांडा धरलेला हात.

मी पळाले. चढाच्या अर्ध्यावर आल्यावर कळलं, केवळमावशी. आपल्या नेहमीच्या लुगड्यात, काखेत पोतं.

नळाचं तिनं त्या दिवशी बघितलंच नव्हतं. पाळी ज्या बाईची होती ती बाजूला उभी होती, हात कुठं ठेवावे ते तिला कळत नव्हतं. बाकीच्या आत. पदमाक्का पुढच्या सीटवर, तोंड खिडकीकडं.

मी जवळ आले तेव्हा भिसे तिच्याशी बोलत होते. ते मला ऐकू आलं.

"काल त्या हिरव्या साडीतली तूच होतीस? मला काय माहीत. मी विचारलं होतं. विचारलं नाही असं नाही. मला सांगितलं, आमच्यातली नाही."

"कोण म्हणलं?" असं तिनं विचारलं नाही. मी त्याची वाट बघत होते. आजवर वाट बघते आहे.

"बरोबर सांगितलं की," ती म्हणाली. "तू घंटीला हात लावू नको अजून. एक राहिलीय."

राहिलेली मी होते. आत चढायचं तर तिच्या हाताखालून जावं लागत होतं. मी दांडा धरला, तो तिच्या बोटांवरच धरला गेला. तिनं बोटं काढली नाहीत. तिच्या केसांना शिकेकाईचा वास येत होता, कालच्या अंघोळीचा.

"हळू," ती म्हणाली. "पायरी ओली हाय."

मी चढले. पाळीवाली बाई चढली. भिसे दोरीला हात लावून थांबले.

"आता तू ये. पोतं खाली ठेव, नाहीतर घेऊन ये, मी बघतो काय ते. चल."

"मी कुठं जाऊ?" केवळमावशीनं विचारलं. खरंच विचारल्यासारखं. "कार्ड न्हाई. कचरा निवडायच्या शेडमध्ये आता कार्डाबिगर माल घेणार न्हाईत. मी हितं खाणीत बघते काही भंगार." मग आत बघून म्हणाली, आमच्यापैकी कुणाकडंच न बघता, "सोड गाडी. ह्यांना उशीर होतोय."

आणि पाय काढला.

डबल बेल झाली. मी मागच्या काचेपाशी उभी होते. गाडी वळताना ती पूर्ण दिसली. पोतं काखेत, दांड्याचा हात रिकामा खाली लोंबत होता. फाट्यावर गाडीपाशी तिला मी दोन वर्षं बघत आले होते. दोन्ही पाय जमिनीवर टेकवून उभी असलेली त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.